परीक्षकाच्या मापाचं खोगीर

कार्लो, ११ मे १९७४

ती. लार मामांस,
ब्रीदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आईची गुडघेदुखी आणि बाबांचा हट्ट, दोन्ही पूर्ववत.

मामा, घोड्यांच्या बाजारात तुम्ही केस पांढरे केलेत, म्हणून तुम्हालाच विचारते. आमचा घोडा बिशप आता इतका भारदस्त चालतो, की वाटावं, आत्ताच प्रार्थना आटोपून देवळाबाहेर पडलाय. पण बाबांनी एका इंग्रज गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. जुलैच्या प्रदर्शनात शिकारी घोड्यांत बिशपला पहिल्या नंबरची लाल फीत मिळाली तरच तो घरी राहील. निळी मिळाली तर थेट ट्रकमध्ये. दुसरा आलेला घोडा काही कमी खात नाही, असं बाबांचं म्हणणं. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याने त्यांना उलट बरंच वाटलं.

तर प्रश्न खोगिराचा. क्वर्कच्या दुकानात एक आहे, काय सांगू! काळंभोर, निमुळतं, चंदेरी शिवणीचं, दोन्ही बाजूंची पाखं ऐटीत पुढे झुकलेली. बसून पाहिलं, तर जणू माझ्यावरच बेतलेलं. लग्नाच्या झग्याचा इतका विचार केलास तर बरं, असं आई म्हणाली. घेऊ ना?

लोभ आहे तो आटवू नये, आणि उत्तर नेहमीसारखं महिन्याने धाडू नये.

तुमची,
ब्रीदा

किल्केनी, १६ मे

चि. ब्रीदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा सांडला. त्या खोगिरात तू छान दिसशील, यात शंका नाही. पण पोरी, फीत तुला हवी आहे की घोड्याला? बिशपची सारी श्रीमंती त्याच्या खांद्यात. त्यावर ती झुकलेली पाखं टाकणं म्हणजे नवरीला छत्रीआड उभं करून फोटो काढणं. पाखं हवीत सरळ उतरणारी, म्हणजे खांदा मोकळा दिसतो. रंग साधा तपकिरी. चंदेरी शिवण पाहून परीक्षकाला सर्कस आठवायची.

आणि त्या दिवशी तू बसणार किती वेळ? दोन फेऱ्या झाल्या, की परीक्षक तुला उतरवून स्वतः वर चढणार. रीतच आहे ती, विसरलीस? तुझ्या मापाचं खोगीर घेणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून आपल्या आवडीचं रांधणं.

पाहुणा कोण, ते मंडळी गुपित ठेवतात. पण गुरांच्या बाजारातल्या चहाच्या खोलीत मी पाठ करून बसलो आणि एक पाव फार सावकाश खाल्ला. मागच्या टेबलावर प्रदर्शन समितीतले दोघे होते. मेजर पॉन्सनबी येणार आणि तंबूत त्यांच्यासाठी दोन खुर्च्या जोडाव्या लागणार, असं ठरत होतं. असा माणूस खोगिरात चिमटला, तर त्याची कळ तो बिशपच्या नावावर मांडील.

क्वर्ककडे सरळ पाखांचं, ऐसपैस बैठकीचं खोगीर सांगून ठेवलंय. माझ्याकडून भेट समज. बिशपच्या कण्याला टेकत नाही ना, तेवढं बघ. मधून उजेड दिसला पाहिजे. मेजरचं नाव कुणाजवळ काढू नकोस म्हणून क्वर्कला बजावलंय. गाढवावर जळण लादून दारोदार विकत होतो, तेव्हापासून मला एक पक्कं कळलंय: दूध आणि बातमी झाकून ठेवावी.

तुझ्या वडिलांना म्हणावं, घोडामैदान जवळच आहे.

तुझा मामा,
लार

कार्लो, २० जून

ती. मामांस सा. न.

खोगीर पोचलं. खोगीर कसलं, जेवणाचं टेबलच! बिशपला मात्र फर्मास बसतं. खांदा असा खुलतो की बाबा दोनदा वळून बघून गेले. विचारलं तर म्हणे, भिंतीची ओल बघत होतो. मी त्यात हरवून जाते. आईच्या मते आम्ही दोघी बसलो, तरी मधे किटली मावेल.

पण काल नालबंदाकडे गेले, तर मिसेस प्रेंडरगास्टच्या पांढऱ्या घोड्यावरही असंच टेबल! डॉयल बंधूंच्या घोड्यावरही तेच. क्वर्कने म्हणे प्रत्येकाला शपथ घालून सांगितलंय, की मेजरचं कुणाजवळ बोलू नका. मामा, तुमचं झाकलेलं दूध सगळी काउंटी प्यायली.

माया आहेच, राग उतरला की पुन्हा दिसेल.

ब्रीदा

कार्लो, १४ जुलै

ती. मामांस,

नमस्कार नंतर. आधी ऐका.

मेजरच्या पायाचा अंगठा आदल्या दिवशी सुजला. त्यांच्या जागी आल्या मिस लेफ्रॉय. भिजलेल्या टोपीसकट तोलल्या, तरी कोकराएवढ्या भरतील! आणि मैदानात ओळीने उभी तुमची टेबलं. रिकिबींचे पट्टे गुंडाळून गुंडाळून आखूड केले, तरी बाई म्हणजे परातीत वाटाणा. प्रेंडरगास्टबाईंच्या घोड्यावर त्या मागे सरकल्या, तशी त्याने पाठ उडवली. डॉयलांचा घोडा वळणावर डावीकडे गेला आणि बाई उजवीकडे; आयाळ हाती लागली म्हणून वाचल्या. उतरल्या तेव्हा चेहरा लिंबू चोखल्यासारखा. मग बिशपची पाळी. बिशपऐवजी तुम्हालाच इंग्लंडला धाडावं, असं मनात आलं.

तो भरधाव सुटला, आणि नेमकी चहाच्या तंबूची कनात वाऱ्याने फडाडली. बाई घसरल्या. एक पाय रिकिबीतून सुटला. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत, बरं झालं. बिशपने आपणहून चाल आखडली, खांदा तिकडेच सरकवला आणि त्यांना अलगद मधोमध आणून ठेवलं. कलती बशी सावरावी तसं! बाई उतरल्याच नाहीत. आणखी एक फेरी मारून आल्या, निव्वळ स्वतःच्या हौसेसाठी.

मग सगळ्यांदेखत म्हणाल्या, की नीट बसलेल्याला कुठलाही घोडा नेतो. पण शिकारीत पाचव्या खंदकाशी नीट बसलेलं कोण असतं? आपला स्वार कुठे आहे, हे या घोड्याला कळतं.

लाल फीत, मामा!

इंग्रज गिऱ्हाईक तिथेच भाव वाढवू लागलं. बाबांनी त्याला विचारलं, की घोडा विकायचा आहे असं तुम्हाला सांगितलं तरी कुणी? आता फीत कोटाला लावून गावभर हिंडताहेत.

लोभ असू द्यावा. राग उतरला आहे.

तुमची,
ब्रीदा

किल्केनी, १९ जुलै

चि. ब्रीदा हिस आशीर्वाद, बिशपलाही.

मेजरचा अंगठा सुजणार हे मला ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर खोडूनही काढणार नाही.

क्वर्क येऊन गेला. सारी काउंटी टेबलं परत करायला त्याच्या दारात उभी आहे. पुढच्या वर्षीचं काही कानावर आलंय का, असं हळूच विचारत होता. मी आधी आढेवेढे घेतले. मग त्याला शपथ घातली, की कुणाजवळ बोलू नकोस. पुढच्या वर्षी खोगिरं बंद, परीक्षक घोड्याच्या उघड्या पाठीवर बसणार.

तू मात्र आपलं टेबल तेल लावून ठेव. बिशपला माझ्यातर्फे एक गाजर दे. घाई नाही, तो आता घरीच आहे.

तुझा मामा,
लार