पिठाच्या गोणीचा वंश

चि. सेप यास,

थिर्झाताईचे आशीर्वाद. (‘चि.’ हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. तुझं पत्र पुन्हा एकदा वाचल्यावर खोडायला घेतलं होतं, पण सुरुवातच खाडाखोडीनं केली तर पुढे कागद उरणार नाही, म्हणून राहू दिलं.)

इकडे सगळं ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? म्युरिएलची नवी कवळी बसली का, की अजून ती पर्समध्ये ठेवून प्रार्थनेला जाते? तुझ्या लीकच्या, त्या जाड कांद्याच्या पातीच्या, वाफ्याला यंदा तू रोज संध्याकाळी बिअर पाजतोस असं कानावर आलं. लीक स्पर्धेत पहिली येवोत, एवढंच म्हणते. बिअरच्या बाबतीत माझा जीव तळमळतो, पण तो तुझा प्रश्न आहे.

तर तुझं पत्र पोचलं. मी तुझी, म्युरिएलची आणि डचेसची माफी मागावी, अशी तुझी मागणी आहे. मागणार नाही. तुझी मागणार नाही, कारण तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेस आणि तुझी लंगोटं मी वाळत घातली आहेत. म्युरिएलची मागणार नाही, कारण तिचा यात संबंध काय ते पत्राच्या शेवटापर्यंत मला कळलं नाही. आणि डचेसची मागणार नाही, कारण ती तुझी फेरेट मादी आहे आणि तिची काही तक्रार असल्याचं मला तरी दिसलं नाही. ती बिळातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता. तू तेव्हा खड्ड्यात पाठमोरा होतास.

सुरुवात तू केलीस, हे आधी लिहून ठेवते. गेल्या सप्टेंबरात गावच्या प्रदर्शनात फेरेटांचा, म्हणजे शहरातले लोक ज्यांना लांबट मुंगूस समजतात त्या आपल्या सशांमागे बिळात सोडायच्या जनावरांचा, परीक्षक तू होतास. अंगात पांढरा डगला, हातात भोंगा, छातीवर फुलाएवढा बिल्ला. माझ्या नराला, बिशपला, तू टेबलावर उचललंस, त्याच्या पोटात बोट खुपसलंस आणि भोंगा तोंडापासून दूर न करता म्हणालास, “हा बैल नव्हे, ही पिठाची गोणी आहे.” तंबूतली माणसं हसली. मी पण हसले असते, पण गोणी माझी होती. पहिलं बक्षीस तू दिलंस त्या शहरातल्या पेनफोल्डला, ज्यानं आपलं फेरेट लहान मुलांच्या शाम्पूनं धुऊन आणलं होतं आणि ‘कुठल्या जातीचं?’ असं विचारल्यावर जो म्हणाला, ‘पांढऱ्या.’ अरे, पांढरा हा रंग आहे. काळपट, पिवळट, रुपेरी हेही रंगच. रंग हा अंगावरचा कोट आहे, आणि कोट बघून माणूस निवडायचा तर बँकेच्या दारावरचा रखवालदार सगळ्यांत थोर निघेल. फेरेट बघायचं ते कोटाच्या आत. बाबांनी तुला आणि मला एकाच बाकावर बसवून शिकवलं होतं: डोळे मीट, अंगठा कानामागून जबड्यापर्यंत फिरव, मग खांदे, मग कंबर. लांब, निमुळता, हातातून पाण्यासारखा निसटणारा तो व्हिपेट. मधला तो साधा. आणि ज्याच्या दोन कानांमध्ये तुझी तीन बोटं मावतात आणि मान कुठे संपली ते अंगठ्याला कळत नाही, तो बैल. सप्टेंबरात सगळीच फेरेटं हिवाळ्यासाठी चरबी धरतात. चरबी वसंतात उतरते, कवटी कुठे जात नाही. तू पोट दाबलंस. कवटीला तू हातही लावला नाहीस, आणि बाबा असते तर त्यांनी तुला त्याच तंबूत, त्याच डगल्यात, कान धरून उभं केलं असतं.

बरं, अपमान मी गिळला असता. (गिळला नसता, पण लोकांसमोर गिळल्यासारखं केलं असतं.) पण इथे प्रश्न माझ्या अपमानाचा नव्हता. बाबांनी रोज खाणीतून सुटल्यावर उभं आयुष्य घालवून हे बैल नर घडवले. सगळ्या दरीत कुणाची मादी बिळात ससा मारून त्याच्यावरच झोपून गेली, की माणसं आपल्या दाराशी यायची: बॉब, तुझा दोरीचा नर दे. दोरी बांधलेला तो दांडगा नर खाली जायचा, मादीला हाकलून सशापाशी ठाण मांडायचा, आणि दोरीच्या मागानं खणत गेलं की ससाही मिळायचा आणि नरही. त्या कामाला व्हिपेटची काडी चालत नाही, तिथे खांदेच लागतात. त्या वंशातला शेवटचा बिशप. तो सात वर्षांचा झालाय, माझी शेवटची मादी मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेली, आणि दरीत दुसऱ्या कुणाकडे बैल नाही. हे मी तुला तुझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. डचेसला एका वसंतापुरती मागितली. तू केकचा तुकडा चघळत म्हणालास, “ताई, आता गळ्यात पट्टा बांधायचा, वर यंत्रात टिकटिक होते, मादी कुठे आहे ते कळतं. दोरीच्या नराचे दिवस गेले. आणि माझ्या डचेसवर मी गोणी चढवणार नाही.” म्युरिएल मला म्हणाली, “चहा अजून घेता का, वन्सं?” मी घेतला नाही. ते तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता मार्चमधलं चर्चचं प्रकरण, कारण ते तू पत्रात असं लिहिलंयस की वाचणाऱ्याला वाटावं मी बिशपला झग्याखाली लपवून आणला होता. पाद्रीबुवांनी आपल्या दोघांनाही बोलावलं होतं. सशांनी दफनभूमी पोखरून काढली होती, खाणमालकाचा दगड जुन्या बाकासारखा कलला होता आणि ईस्टर तोंडावर आला होता. पाद्रीबुवा दक्षिणेतले, नवे. त्यांना मी समजावलं, की बिळांच्या तोंडांवर जाळी लावायची, फेरेट आत सोडायचं, ससे घाबरून बाहेर धावतात आणि जाळ्यात पडतात. ते म्हणाले, “चावत नाही ना हो?” मी म्हटलं, “ओळख झाल्यावर नाही.” मग त्यांनी दोघांची नावं विचारली. तू छाती काढून म्हणालास, डचेस. मी म्हटलं, बिशप. पाद्रीबुवा थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले.

तू म्हणालास, बिशपची गरज पडणार नाही, त्याला पेटीतच राहू दे. मी राहू दिलं. तू डचेसच्या गळ्यात तो नवा पट्टा बांधलास, तिला सोडलंस, चार ससे छान बाहेर आले, आणि मग काहीच आलं नाही. तू यंत्र घेऊन थडग्यांमधून फिरायला लागलास. ते यंत्र प्रत्येक लोखंडी कठड्यापाशी टिकटिकत होतं. त्याच्या म्हणण्यानुसार डचेस एकाच वेळी खाणमालकाखाली, ट्वेडलच्या आजोबांखाली आणि घंटाघरात होती. पाऊण तास गेला. मी बाकावर बसून सँडविच खाल्लं. (टंगचं, खारवलेल्या जिभेचं होतं. तुला देऊ केलं होतं. तू ‘नको’ म्हणालास ते नीट आठव.) शेवटी तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास आणि बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटलास. मी म्हटलं, “ऐकू नाही आलं रे.” तू म्हणालास, “ताई, तुझा नर दे.” मी म्हटलं, “गोणी?” तू म्हणालास, “बिशप दे.” हे सगळं पाद्रीबुवांच्या देखत झालं. माणूस धर्माचा आहे, खोटी साक्ष देणार नाही. तेव्हा ‘तू घुसवलास’ हा शब्द पत्रातून मागे घे.

बिशपला बाहेर काढला तेव्हा चरबी सगळी उतरलेली होती आणि खांदे तसेच्या तसे होते. तू बघितलंस. मी दोरी बांधली, तो खाली गेला, दोरी सरसर सरकली आणि थांबली. मग खालून ते आवाज सुरू झाले. पाद्रीबुवांचा रंग उडाला. तू ओरडलास, “मारामारी चाललीय, तो मारून टाकील तिला.” मी म्हटलं, “मारणार नाही.” तू फावडं घेतलंस आणि दोरीच्या अंदाजानं वाटेच्या कडेला खणायला लागलास. (मी फावड्याला हात लावला नाही, असं तू दोनदा लिहिलंयस. मी थोरली आहे. थोरल्यांनी दोरी धरायची असते.) तू छातीपर्यंत खड्ड्यात गेला असशील, तेवढ्यात ट्वेडलबाई फुलं घेऊन आली आणि म्हणाली, “अगं बाई, कोण गेलं गं?” मी म्हटलं, “अजून कुणी नाही. सेप खणतोय.” तिनं फुलं खड्ड्याच्या काठाशी ठेवली आणि लगबगीनं निघून गेली. त्या संध्याकाळी म्युरिएलला भेटायला तीन बायका काळे कपडे घालून आल्या, त्याचा दोषही तू मला देतोस. तो ट्वेडलबाईला दे.

आणि तू खाली माती उपसत असताना ती दोघं तुझ्या पाठीमागच्या बिळातून बाहेर आली. आधी डचेस, मागून बिशप, दोरी फरफटत. डचेसची मानगूट ओली होती. तू तिला उचलून म्हणालास, “बघ, चावलाय.” आणि घरी जाऊन मानेला मलम लावलंस. नर मादीची मानगूट कधी धरतो ते न कळणारा फेरेटांचा परीक्षक, सेप. मलम.

आता आठ पिल्लं झाली. त्यांचे कान वर आले तेव्हा तुला त्या कानांमधलं अंतर दिसलं, आणि मग मला पत्र आलं. पाच पिढ्यांचा शुद्ध व्हिपेट वंश मी नासवला म्हणतोस. पाच पिढ्यांच्या आधीची जी मादी तू गोणपाटात गुंडाळून लग्नानंतर घेऊन गेलास, ती कुणाच्या पिंजऱ्यातली होती? बाबांच्या. तेव्हा नासलं असेल तर आपल्याच दुधानं नासलंय. या सगळ्यात मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं, आणि तेही सांगून टाकते: तू आठही पिल्लं बघितलीस आणि तुला फक्त नुकसान दिसलं. बाबांचं डोकं त्यातल्या सातांवर आलंय, आणि तुझ्या पत्रात बाबांचं नावसुद्धा नाही. त्याचा मला राग आला. अजून आहे.

माफी मागणार नाही, हे पुन्हा एकदा. म्युरिएलला नमस्कार सांग. गुडघ्याला मोहरीचं पोटीस बांध. डचेसच्या मानेला मलम लावायची गरज नाही.

तुझी,
थिर्झाताई

ता. क. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी सकाळी पाद्रीबुवांना नीट दिसावं म्हणून तू डचेसला एका हातात उंच धरलं होतंस, तिची पाठ तुझ्याकडे आणि पोट माझ्याकडे. ती माजावर आलेली होती. वसंताच्या तोंडाशी ते बघायचं असतं, हे बाबांनी आपल्याला फेरेट धरायच्याही आधी शिकवलं. मला दहा पावलांवरून चष्म्याशिवाय दिसलं. तू दुसऱ्या हातातलं पट्ट्याचं माहितीपत्रक वाचत होतास. तू नर मागितलास, मी दिला.

ता. क. २. पिल्लं पेनफोल्डला विकून टाकतो म्हणतोस. विकशील तर मी पुढच्या सप्टेंबरात तंबूत येईन, आणि तो भोंगा जिथे ठेवलेला असतो ती जागा मला माहीत आहे. एक पिल्लू मला हवंय. येत्या रविवारी दुपारी येते. केक असेल तर ठेव, चहा मी या वेळी घेईन.

ता. क. ३. मला कुठलं हवंय ते आत्ताच लिहिते, म्हणजे दारात वाद नको. रुंद डोक्याचं नको. ती एकच बारकी मादी आईवर गेलीय, निमुळती, हातात राहत नाही, आणि ‘तेवढी मी ठेवणार’ असं तू लिहिलंयस, ती मला दे. तुझा तो पट्टाही दे, टिकटिकीसकट. दोरीचा नर पाळायचा तर मागून खणायला माणूस लागतो, आणि माझा उजवा खांदा नाताळपासून वर जात नाही. त्या दिवशी फावडं उचलायला गेले असते, तर ते माझ्यानं उचललं जात नाही हे तुला दिसलं असतं. तू छातीपर्यंत खणलंस. चांगलं खणलंस, कडा सरळ होत्या, बाबांसारख्या. म्हणून सातांतला सगळ्यांत रुंद नर तू ठेवायचा आहेस. डोळे मिटून निवड, अंगठ्यानं. नाव तू ठेव, फक्त त्याला लोकांसमोर गोणी म्हणू नकोस.