तांबड्या चौकोनाची वरची कड

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती नको इतकी शाबूत आहे. कोणाचेही दडपण नाही. मला दडपू शकेल असा माणूस आमच्या घरात अजून जन्मलेला नाही. डॉक्टरांनी हृदयाचे काय ते स्पष्ट सांगितले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच सौम्य होतो.

१. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. मी लग्न केले नाही, त्यामुळे वाटेकरी कमी आहेत. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो तिने आधी बदलून घ्यावा.

२. ड्रॉइंग बोर्ड, पट्ट्या आणि पेनांचा संच खात्यात माझ्या जागेवर आता जी मुलगी बसते तिला द्यावा. ती सगळे नकाशे संगणकावर काढते, तिला याचा काडीचा उपयोग नाही. पण माझ्या शेवटच्या दिवशी तिने एकटीने विचारले होते, "काका, उद्यापासून काय काढणार?" बाकीच्यांना मी टेबल कधी रिकामे करतो याचीच घाई होती.

३. माझ्या धाकट्या भावाला घरातला किंवा बँकेतला कोणताही हिस्सा मिळू नये. त्याचे फ्रेम बनवण्याचे दुकान आहे. काटकोन तपासायचे ते लोखंडी हत्यार, गुण्या, सदोदित त्याच्या खिशात असते, म्हणून सारा बाजार त्यालाच गुण्या म्हणतो. त्याला वगळण्याचे कारण लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या माघारी तो स्वतःला सोयीचे कारण सांगत फिरणार नाही.

निवृत्तीनंतर मी चित्रे काढू लागलो. त्यातले एकच चित्र मी माझे मानतो. चार फूट बाय तीन फूट कॅनव्हास, अॅक्रिलिक रंग, राखाडी जमिनीवर दोन काळे पट्टे, एक पिवळट अर्धवर्तुळ आणि मधोमध तांबडा चौकोन. या चौकोनाची वरची कड डावीकडे किंचित उतरती होती. बत्तीस वर्षे पट्टी धरून रेघा ओढल्या. ही एकच रेघ मी नुसत्या डोळ्याने शोधली. टेप चिकटवायची, लांब जाऊन पाहायचे, उपटायची, पुन्हा चिकटवायची. चार महिने लागले. सारे चित्र त्या उतारावर उभे होते.

मग पित्ताशयाचे ऑपरेशन निघाले. अकरा वर्षे झाली. चित्र प्रदर्शनाला जायचे होते, म्हणून फ्रेम बसवायला घराची किल्ली भावाकडे दिली. पाचव्या दिवशी हा दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणाला, "दादा, तुझी टेप सरकली होती. मी कड सरळ करून टाकली. घाबरू नकोस, कोणाला सांगत नाही."

पोटाला टाके होते, नाहीतर त्याच दिवशी निकाल लागला असता.

त्याने काम चोख केले, हे मला जास्त झोंबते. आधी जुनी कड बारीक घासकागदाने घासून सपाट केली. नवी टेप लावून तिच्या काठावर आधी खालचाच रंग फिरवला, म्हणजे वरचा रंग आत झिरपत नाही. तो वाळल्यावर तांबडा लावला. ही पद्धत माझ्याकडे पाहूनच शिकला. भोंगळपणे केले असते तर मी कदाचित माफ केले असते.

मी दवाखान्यात असतानाच चित्र प्रदर्शनाला गेले आणि त्याला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी लिहिले की तांबड्या चौकोनाची स्थिरता विशेष प्रसन्न करते. भाऊ मला एवढेच म्हणाला, "बघ." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. कोणाला सांगत नाही म्हणणाऱ्याने पुढे बाजारभर डांगोरा पिटला तो वेगळाच.

बहीण म्हणते, "दादा, एका रेघेपायी सख्खा भाऊ तोडलास?" मी तिला सांगितले, "रेघेपायी नाही. मला न विचारता माझ्या कामाला हात लावला त्यापायी." तिला अजून पटलेले नाही.

४. पारितोषिकाचे पितळी सन्मानचिन्ह भावाला द्यावे. ते त्यानेच मिळवलेले आहे. दर आठवड्याला पुसले नाही तर काळे पडते, तेव्हा त्याने पुसत बसावे.

५. चित्र. आधीच्या मृत्युपत्रात ते जाळून टाकावे असे लिहिले होते. ते कलम मी मागे घेतो. तो उतार पुन्हा सापडावा म्हणून मी सदतीस वेळा कागदावर काढून पाहिला. सापडत नाही. फोटो नाही, कारण सही झाल्याशिवाय मी फोटो काढत नाही आणि सही व्हायचीच होती.

गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता बहीण बोलून गेली, "त्याच्या वहीत असेल की. तो मोजल्याशिवाय कशाला हात लावतो का?" मी हातातली सुरी खाली ठेवली. खरे आहे. दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे आधीचे माप तो लिहून ठेवतो. म्हणजे अकरा वर्षे माझी रेघ त्याच्या दुकानात आहे, त्याच्या गचाळ अक्षरात, चूक म्हणून.

म्हणून चित्र भावाला मिळावे, पण एका अटीवर. वहीतल्या मापाने त्याने ती कड होती तशी करून द्यावी. माझा हात आता थरथरतो, त्याचा अजून स्थिर आहे. हे लिहिताना मला किती जड जाते ते त्याने समजून घ्यावे. इतर कुठेही बोट लावू नये. चूक होती असे त्याला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणत राहावे, फक्त कामाच्या वेळी तोंड बंद ठेवावे.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. याची एक प्रत मात्र बहिणीने आजच भावाच्या दुकानात नेऊन द्यावी. मी त्याच्याशी बोलेनच असे नाही, पण दाराला कडी नसेल. कड झाल्यावर चित्रावर सही करायची आहे, आणि ती मेलेल्या माणसाला करता येत नाही.

स्थळ: घरातली मागची खोली
दिनांक: चौथ्या महिन्याची अकरा तारीख, सकाळी दहा

सही: आरेखक (निवृत्त)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचा शिंपी. माझ्यासमोर सही केली.
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. माझ्यासमोर सही केली. तिसरे कलम जरा मऊ करा असे मी सांगून पाहिले, ऐकले नाही.