म्हातारी शेवटी मरते की नाही

जोगेश्वरी (पूर्व)
ता. ७ ऑक्टोबर १९७३, रविवार

चंद्रप्रकाशराव यांना,

बाळाचा दसऱ्याचा शिळा नमस्कार. सोनं काल द्यायचं असतं ते माहीत आहे. काल तुमच्या बिल्डिंगखाली येऊन, पानवाल्याशी गप्पा मारून, मी परत गेलो. आपट्याचं पान ह्या पत्रात घातलंय. चुरा झाला असेल तर टपालखात्याशी भांडा.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. बाबांना गिरणीत रात्रपाळी लागली आहे, त्यामुळे ते दिवसा घोरतात आणि शेजारचे तक्रार करतात. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

मी कोण ते आठवलं असेलच. मागच्या रविवारी तुम्ही आमच्या सुगंधाताईला बघायला आलात, तेव्हा तुमच्या काकांच्या पोह्यांत ज्याने अख्खी लवंगी मिरची पुरली होती, तो मी. तिचा धाकटा भाऊ. काकांचे कान आता नेहमीच्या रंगावर आले असतील.

पण पत्र त्याबद्दल नाही. पत्र पिक्चरबद्दल आहे.

तुमचा तो आवडता विहिरीचा पिक्चर. ज्याला दिल्लीला पदक मिळालं आणि परदेशात कुठेतरी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आज सकाळच्या खेळाला मी तो थेटरात जाऊन पाहिला, रीतसर तिकीट काढून. माझं स्पष्ट मत, लोकांनी हा पिक्चर उगाच डोक्यावर घेतलाय. ते लोक उभे का राहिले तेही मला कळलं. बसून बसून पाय आखडले असणार. दुष्काळ आहे, म्हातारी आहे, घागर आहे. म्हातारी विहिरीवर जाते. म्हातारी विहिरीवरून येते. मध्ये एक बकरी आहे, तिचं काम चांगलं झालंय. माझ्या शेजारचा माणूस तर घोरत होता. मला आधी वाटलं, बाबाच आले.

तुम्ही म्हणाल, मॅट्रिकला आपटलेल्या पोराला काय कळतं. बरोबर. पण मी सगळ्याच गाजलेल्या पिक्चरांशी असाच वागतो, तुमच्या एकट्याशी दुश्मनी नाही. ज्यात हिरॉइन अख्खा वेळ खोकते आणि आमच्या चाळीतल्या बायका पदर पिळत घरी येतात, तोही मला झेपला नाही. डॉक्टर शेजारच्याच खोलीत राहतो, यार. एक हाक मारायला काय होतं? आणि जत्रेत हरवलेल्या भावांचा तो. दोघांचं नाक तेच, गाणं तेच, ताईत तोच, आणि ओळख पटायला तीन तास. आमच्या शेजारच्या पुतळामावशीने दहा मिनिटांत नाव-गाव-कुळी काढून दिली असती.

तर आता मागच्या रविवारचं.

तुम्ही ताईला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाहीत. एवढ्यात पिक्चर कुठला बघितला, ते विचारलंत. ताईने विहिरीचा सांगितल्यावर तुमचा चेहरा असा उजळला की बाबांना वाटलं, झालं, जमलं. मग तुम्ही विचारलंत, त्यात आवडलं काय? ताई पाटाकडे बघत म्हणाली, "म्हातारी मेल्यावर परत पाणी भरायला येते ना, ते."

तुम्ही आधी हसलात. मग म्हातारी शेवटी मरते, असं समजावून सांगितलंत. ताई म्हणाली, मरते, आणि मग येते. बाबा म्हणाले, तिथेच तर पिक्चर रंगतो. तुम्ही म्हणालात, मी पुन्हा पुन्हा पाहिलाय हो. त्यावर पुतळामावशी दारातून म्हणाली, "जावयबापू, तुमका झोप लागली असतली."

आणि मी हसलो. अहो, काही ठरायच्या आधीच ती जावयबापू म्हणाली म्हणून हसलो. पण तुम्हाला वाटलं, ह्या मिरचीवाल्या पोराने घराला, शेजाराला, सगळ्यांना पढवून ठेवलंय. तुम्ही उठलात, म्हणालात, "चेष्टाच करायची होती तर बोलावलंत कशाला?" काका तर आधीच पाण्यासाठी उठले होते.

चंद्रप्रकाशराव, कुणीही चेष्टा केली नाही. आईशप्पथ म्हणणार होतो, पण ती शपथ मी हल्ली घालत नाही.

झालं असं. गणपतीत आमच्या गल्लीत चादर बांधून पिक्चर दाखवतात. मशीन गुणाजीचं. रीळ डब्यांतून येतं, एक डबा संपला की दुसरा चढवतो. ह्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी धोंडू म्हणाला, पदकवाला पिक्चर आणू, चाळीची पातळी उंचावू. आणला. गुणाजीने शेवटचा डबा आधी लावला आणि त्याच्या आधीचा डबा शेवटी. म्हणजे म्हातारी मेली, तिला नेलं, पडद्यावर 'समाप्त' आलं. लोक उठले, चटया गुंडाळल्या, पोरांना खांद्यावर टाकलं. आणि चादरीवर म्हातारी घागर घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाली.

सगळी चाळ जिथल्या तिथे बसली. कुणाला काही चुकलंय असं वाटलंच नाही. धोंडू म्हणाला, पदकवाल्या पिक्चरमध्ये असंच असतं. पुतळामावशीने तर हात जोडले. तुम्ही गेल्यावर मी गुणाजीला गाठला, तेव्हा तो तोंडातली बिडी न काढता म्हणाला, हो, झालं होतं खरं, पण कुणी बोललं नाही म्हणून मीपण बोललो नाही. डबे मी बदलले नव्हते. हे मुद्दाम लिहितो, कारण चाळीत काहीही उलटंपालटं झालं की नाव माझंच येतं.

आता तुम्ही विचाराल, मग आज थेटरात कशाला गेलास?

आमची आई गेली ते तुमच्या काकांनी सांगितलं असेल. दोन वर्षं होतील दिवाळीत. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा रांगेत पहिला हंडा तिचा असायचा. आता ताईचा असतो. त्या दिवशी गल्लीत 'समाप्त' नंतर ती म्हातारी चालत आली, तेव्हा ताईने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, सोड गं, दुखतंय. तिने सोडलं नाही, आणि बघत राहिली. मी हात सोडवून भेळ आणायला गेलो. भेळवाला आलाच नव्हता. मी तिथेच कोपऱ्यावर थांबलो, पिक्चर संपेपर्यंत.

म्हणून म्हातारी परत येते तो भाग मी पाहिलाच नव्हता. आज पाहिला, तुमच्या क्रमाने. त्यात म्हातारी चालते, चालते आणि मरते. मेली की मेली. घागर पडून राहते, दिवे लागतात, लोक चपला शोधतात. ह्याला पदक? गुणाजीचा पिक्चर ह्याच्यापेक्षा झकास आहे. पदक त्याला द्यायला पाहिजे, हे माझं मत आहे आणि मी ते तुमच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

तुमच्यानंतर गिरगावचं एक स्थळ सांगून आलं. पगार चांगला, आईबाप गावी. ताईने नको म्हणून कळवलं. बाबा चिडले, म्हणाले, ह्या स्थळात काय खोट आहे? ती म्हणाली, "तो माणूस काय आवडलं ते विचारत होता. मला कुणी विचारतं का?" तो माणूस म्हणजे तुम्ही. मग ती भांडी घासायला बसली. एवढा आवाज करून भांडी मी तिला कधी घासताना ऐकलं नव्हतं.

तर येत्या रविवारी या. काकांनाही आणा, पोहे ह्या वेळी पुतळामावशी करेल, मला चुलीजवळ बंदी आहे. कुठला पिक्चर भारी आणि कुठला फुकटचा गाजलेला, ह्यावर मन भरेपर्यंत भांडू.

डब्यांची भानगड मी बाबांना सांगितली, मावशीला सांगितली. ताईला सांगितली नाही. आजही घरी येताना सांगायचं ठरवून आलो होतो. ती विचारत होती, कुठे गेला होतास रे? मी म्हटलं, कॅरम खेळायला.

आई गेली ती हॉस्पिटलात, तेव्हा तिच्याजवळ मी एकटा होतो. घरी येऊन ताईला मीच सांगितलं. ती हसली. म्हणाली, बाळ्या, असली चेष्टा करू नये. मला ते तिला पुन्हा सांगावं लागलं, आणि मग आणखी एकदा.

म्हातारी शेवटी मरते हे तिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही सांगितलंत तर तिला पटेल.

तुमचा,
कोण लागायचं ते तुम्हीच लिहा,
बाळा