सुनंदाचे डोळे

मोहाडी, मंगळवार

चिखला गाव सोडून इथे फोटो स्टुडिओ उघडल्यावर आज पहिलं गिऱ्हाईक आलं. एका बाईला आईच्या तेरवीसाठी फोटो हवाय. आईचा फोटो एकच, गेल्यावर मोबाइलवर काढलेला. डोळे मिटलेले.

"डोळे उघडून द्या जी भाऊ. पन माह्या मायले दुसऱ्याची माय नोका करू!"

मी हो म्हणालो. कशाला म्हणालो?

माझ्याकडे कुण्या बाईचा मोठा फोटो एकच, माझ्या सुनंदाचा. बायकोला जाऊन वर्षही झालं नाही. कॉम्प्युटरवर तिचेच डोळे त्या चेहऱ्यावर बसवले, भोवती सुरकुत्या केल्या. डोळे बसले. मला बघवेना.

उद्या ती बाई ओरडली, तर या गावात दुकान संपलं. आणि "हीच माही माय" म्हणत घरी घेऊन गेली, तर?