बटर क्रॉसजवळची जागा

मंगळ., ४ मार्च
चारला जाग. गजर नाही, काही नाही. मंगळवार उजाडायच्या आत डोळे आपोआप उघडतात. इथे समुद्रापार लेकीकडे मिल्टनला अंधार आणि बर्फ, तिकडे इंग्लंडात हॅलबरीला सकाळचे नऊ, बाजाराची घंटा. घंटा झाल्याशिवाय एक सुईसुद्धा विकायची नाही. तीस वर्षं पाळला हा नियम. बेसमेंटमध्ये गादीवर पडून कान लावला. घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर, बाकी काही नाही.
मुग्धा म्हणते, "आई, झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवू." लेकीला काय सांगू? डॉक्टर काय, घंटा लिहून देणार आहे?

गुरु., ६ मार्च
ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला घेतला. रोहितने फावडं हातातून काढून घेतलं. जावई गुणी आहे, पण मला काही करूच देत नाही.
मग चालायला गेले. घरंच घरं, सगळी एका साच्यातली. चालून पोचायचं कुठे? हॅलबरीत कुठल्याही गल्लीतून निघा, येणार बटर क्रॉसपाशी. दगडी खांब, वर छप्पर. पूर्वी आसपासच्या खेड्यातल्या बायका त्याखाली लोणी विकायला बसायच्या. पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात. समोर कॉर्न एक्स्चेंज, धान्याचे सौदे व्हायचे तिथे, आता कॉफी आणि झुंबा. चर्चचं घड्याळ कायम मागे. आणि त्या क्रॉसच्या सावलीत आमचं टेबल. बटणं, चेन, लेस, रिळं, अस्तर.
राजाने गावाला मंगळवारच्या बाजाराची सनद दिली, ही गोष्ट आमचे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. असं सांगायचे की जणू इचलकरंजीला ह्यांच्या आजोबांच्याच हातात दिली. गोऱ्या बायका मान डोलवून ऐकायच्या, दोन बटणं जास्त घ्यायच्या.
फार आठवण येते. ह्यांची का गावाची, वेगळं काढता येत नाही.

रवि., ९ मार्च
इथली घड्याळं तासभर पुढे. तिकडची महिनाअखेरीला. म्हणजे तोवर घंटा पाचला. गाव एक तास जवळ आलं म्हणायचं!
मॉरीनचा फोन. आमच्या शेजारची रोपवाली. हे गेल्यावर मुग्धा मला इकडे घेऊन आली, तेव्हापासून ही बाई आपल्या कुंड्या आमच्या जागेवर पसरून ठेवते. जागा रिकामी दिसली की दुसऱ्याला देतात ना. चीजवाला बर्नार्डही दोन खोकी टेकवतो. रक्ताचं कोण करेल एवढं.

मंगळ., ११ मार्च
झालं. पकडले गेलो. नवीन मार्केट ऑफिसर आलाय, कोवळा पोरगा, नियमाचा पक्का. मॉरीनला कुंड्या उचलायला लावल्या. तिच्यासाठी मी सू. "सू लव्ह, ही सेज इट हॅज टू बी युअर स्टॉल, नॉट माय पॅन्सीज." २५ तारखेच्या मंगळवारी आमचा स्टॉल लागला नाही तर जागा गेली. मोबाइलच्या कव्हरवाला टपूनच बसलाय.
वरणाला मीठ दोनदा घातलं.

बुध., १२ मार्च
मुग्धाला सांगितलं. जाऊन येते म्हटलं. भडकली.
"आई, तिथे आता आपलं कोण आहे?"
"जागा आहे."
"टेबल लावायची जागा! तीही भाड्याची! इथे तुला खोली केली, शिलाई मशीन आणलं, अजून काय करू मी?"
मग म्हणाली, "तुला माहितेय मला काय आठवतं? थंडी. बाबांची तिथली मिल बंद पडल्यापासून सुट्टीतला प्रत्येक मंगळवार मी त्या टेबलाखाली काढला. वर्गातल्या मुली आल्या की ताडपत्री ओढून घ्यायचे, दिसू नये म्हणून."
मला वाटायचं पोरीला तिथे ऊब लागते. हे गेले ते तसंच समजून गेले.
आधी राग आला, मग रडू आलं, मग पोळ्या लाटल्या. अयान, वय वर्षं सहा, ओट्याशी येऊन म्हणतो, "आजी, यू कान्ट बी होमसिक फॉर इंग्लंड. यू आर इंडियन." कपाळ माझं.

सोम., १७ मार्च
मुग्धा नि मी बोलतो. भाजी काय करू, अयानला कोण आणणार, एवढंच. तिकिटाचा विषय दोघीही टाळतो.

शनि., २२ मार्च
मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम, आठवडाभर आधीच, हॉल मिळाला म्हणून. पुरणपोळी बरी होती. नागपूरची एक गोड मुलगी शेजारी बसली. "काकू, गावाची आठवण येत असेल ना?" म्हटलं खोटं कशाला बोला. "येते गं. हॅलबरीची."
"सांगलीकडे आलं का ते?"
हो म्हणून टाकलं! काय करणार, तिला राजाची सनद कुठे सांगत बसू.
गाडीत मुग्धाला सांगितलं तर इतकी हसली, रोहितला गाडी हळू करावी लागली. किती दिवसांनी हसली. मग खिडकीबाहेर बघत, "बाबांची ताडपत्री कुठेय गं?"
"मॉरीनच्या गॅरेजमध्ये. सगळा माल तिथेच."
"बुरशी लागली असेल."


सोम., २४ मार्च
मॉरीन: "उद्या आम्ही मांडतो तुझा स्टॉल. तू फोनवर ये." म्हटलं, चालायचं नाही ते. "मग तुझ्या तोंडावर सांगू दे त्याला!" बाई वाघीण आहे.

मंगळ., २५ मार्च
स्वयंपाकघरात टेबलाशी बसले, नाइटीवर स्वेटर. पाचला घंटा. खरी घंटा, फोनमधून! मॉरीनने फोन धरला होता. निळी ताडपत्री, कोपऱ्यात ह्यांनी लावलेलं ठिगळ तसंच. रिळांची नुसती खिचडी मांडलेली. आणि टेबलामागे बर्नार्ड, चीजचा एप्रन घालून लेस विकणार!
ऑफिसर आला. स्टॉल कोणाचा? मॉरीनने मला त्याच्या नाकासमोर धरलं. गुड मॉर्निंग म्हटलं. बिचारा गडबडला. "मॅडम, आर यू ट्रेडिंग टुडे?" म्हटलं, येस.
तेवढ्यात एक म्हातारी आली. कोटाचे हुक हवेत, मोठे, काळे. बर्नार्ड एकेक डबा उघडतोय, सगळ्यांत बटणं. आणि माझं डोकं कोरं. कुठला डबा? तीस वर्षं हात आपोआप जायचा, आज नुसत्या डोक्याला आठवेना. ऑफिसर बघतोय.
"बिस्किटांचा निळा डबा. टेबलाखाली, उजव्या पायाशी."
मुग्धा. जिन्यात उभी, शाल गुंडाळून. इंग्रजीत परत ओरडली, बर्नार्डला ऐकू जावं म्हणून.
बर्नार्ड वाकला. हुक निघाले. म्हातारी घेऊन गेली. मॉरीन किंचाळली, "इज दॅट अवर लिटल मग्ज?"
ऑफिसर हसला जरासा. "ओके. यू आर ट्रेडिंग. अँड नेक्स्ट ट्यूजडे?"
मी मुग्धाकडे पाहिलं. ती चहाचं आधण ठेवत होती, पाठ माझ्याकडे. वळली नाही.
पुढच्या मंगळवारचं पुढच्या मंगळवारी सांगते, म्हटलं त्याला. तो पुढे गेला.
फोन चालूच ठेवला. तिकडे ऊन पडलं होतं, पायऱ्यांवर कोणाचं तरी पोर बसलं होतं. मुग्धा कप घेऊन शेजारी येऊन बसली. बराच वेळ बघत राहिली. ताडपत्री, टेबल, टेबलाखाली. चहा तिचा गार झाला.
मग म्हणाली, "पांढरी रिळं पुढे ठेवलीत. सांग त्यांना आई, धूळ बसते."
सांगितलं.