मामांच्या गाडीचा क्लच आणि माझा पाय

तीर्थरूप मामांना,

हात ग्रीसने माखलेले असल्यामुळे दुरूनच साष्टांग नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? (दोन्ही प्रश्न आईचे, पण काळजी मलाही आहेच.)

तुम्ही गाडी चालवणं सोडलंत आणि बावीस वर्षं सांभाळलेली गाडी माझ्या हवाली करताना "हिला जीव लाव" म्हणालात. लावला. पण थंडी पडली आणि रोज सकाळी क्लच कितीही दाबला तरी गिअर पडेना. नुसतं कर्रर्र. समोरचे निवृत्त मास्तर त्या आवाजावर घड्याळ लावू लागले.

मेकॅनिकला घरी बोलावलं. माणूस कमालीचा टापटिपीचा. आत बसण्याआधी त्याने पायांखालची रजई (थंडीत खालचा पत्रा पाय बधिर करतो, म्हणून मीच चौपदरी करून अंथरली होती) काढली, झटकली, मागच्या सीटवर ठेवली आणि क्लच दाबला. गिअर अलगद पडला. उतरल्यावर त्याने रजई होती तशी अंथरली. मी बसलो. कर्रर्र. असं सलग चार सकाळी झालं. पाचव्या दिवशी त्याने गॅरेजमध्ये नेऊन क्लच खोलला, प्लेट बदलली, तेल बदललं. तरी गाडी त्याचंच ऐके, माझं नाही. शेवटी तो अवघडून म्हणाला, "साहेब, राग मानू नका, पण दोष गाडीत नाही." त्या दिवशी मी बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत बसलो. (बायकोने मोजे बदलून बघा म्हटलं. तेही बघितले.)

आणि मंगळवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. तीन महिन्यांनी मिळालेली तारीख, आठला हजर राहायचं, आणि सात वाजता आम्ही दारातच कर्रर्र करत उभे. मला घाम फुटला. मागे बसलेली आई मात्र कुडकुडत होती. म्हणाली, "ते पायाखालचं इकडे दे. गुडघे गारठलेत माझे." दिलं. क्लच दाबला, तर पाय थेट तळापर्यंत गेला आणि गिअर पडला. मी थक्क. आई गुडघ्यांवर रजई पसरत म्हणाली, "अरे, पेडलला खाली जायला जागा नको का?" (जन्मात तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही.)

दहा मिनिटं आधी पोचलो. ऑपरेशन उत्तम झालं. तुमच्या ताईला आता माझ्या शर्टवरचे डागही दिसतात. मेकॅनिकला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, रजई मळेल म्हणून तुम्ही जपताय."

तुमचा,
पायाने निर्दोष ठरलेला भाचा

ता. क. क्लच परत बसवल्यावर एक स्प्रिंग उरली आहे. करंगळीएवढी, एका टोकाला आकडा. मेकॅनिक म्हणतो, गाडीला तिची आठवणही येत नाही. सोबत चित्र काढून पाठवतोय. ती कशाची, हे तुम्हालाच ठाऊक असणार. उलट टपाली कळवा.

ता. क. २. तोवर डोळा दाखवायला आई रिक्षाने जाते. मी मागून गाडी घेऊन जातो.