एकतीस एप्रिलचा कागद

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. एप्रिल १९९४. तुम्ही रवांडातल्या एका चहाच्या कारखान्यात बॉयलर इंजिनिअर होता. आई आणि आठ महिन्यांची मी नागपुरात होतो.

२. तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एका बाईला आणि तिच्या दोन मुलींना तुम्ही बंद बॉयलरच्या मागच्या खोलीत लपवलं.

३. दाराला कुलूप घातलं. पाटी लावली: प्रेशर टेस्ट चालू आहे, आत जाऊ नये. शेजारी रोजचा लॉगशीटचा कागद टांगला, दर चार तासांच्या प्रेशरच्या नोंदींसह. बॉयलर थंड होता.

४. आठव्या दिवशी परदेशी लोकांना न्यायला गाड्या आल्या. स्थानिकांना त्यात जागा नव्हती. तुम्ही गेलात. किल्ली बॉयलर पेटवणाऱ्या भट्टीवाल्याकडे दिलीत.

५. त्यानंतरच्या तीन आठवड्यांचेही कागद आहेत. अक्षर तुमचं आहे.

६. तिघी जिवंत बाहेर पडल्या. भट्टीवाल्याने टांगलेले सगळे कागद त्यांच्या हाती दिले आणि त्यांना सरहद्दीपर्यंत पोचवलं.

यातलं एकही वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुम्ही वारलात तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तुम्ही आफ्रिकेत नोकरी केली होती आणि तिथला पगार बरा होता, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दोन मुलींतली थोरली आता पन्नाशीची आहे आणि इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, नर्स आहे. मी अ‍ॅशबर्नला राहते. म्हणजे चार वर्षं आम्ही एकमेकींपासून वीस मिनिटांवर होतो. तुमच्या जुन्या कंपनीतल्या काकांकडून तिने आईचा नंबर मिळवला आणि आईकडून माझा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने उशीच्या अभ्र्यातून कागद काढले आणि जेवणाच्या टेबलावर एकेक करून मांडले. मला पुरावा लागला नाही. सातच्या आकड्यात मधोमध मारलेली आडवी रेघ पुरेशी होती. "तुझ्याही भुवया वडिलांसारख्या आहेत," ती म्हणाली. "पण तो हसायचा." मी तिला मॅडम म्हणत होते. तुमच्याकडे मोठ्या बाईला काय म्हणतात, असं तिने विचारलं. मी मावशी म्हटलं. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मग माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मावशी गेली नऊ वर्षं एका समितीशी पत्रव्यवहार करते आहे. वाचवणाऱ्यांची नावं तपासून स्मारकाच्या भिंतीवरच्या यादीत घेणं हे त्या समितीचं काम. आधी त्यांनी दोन जिवंत साक्षीदार मागितले. तिची आई आणि धाकटी बहीण तोवर वारल्या होत्या, भट्टीवाल्याचा पत्ता लागला नव्हता. मग लेखी पुरावा मागितला, तेव्हा तिने हे कागद दिले. आता त्यांचं म्हणणं असं की कागदच संशयास्पद आहेत. एक तर लिहिणारा देश सोडून गेल्यावरही नोंदी चालू राहतात. दुसरं म्हणजे त्यातल्या एका कागदावर तारीख आहे एकतीस एप्रिल.

मी सगळे कागद ओळीने वाचून काढले. मी डेटा सेंटरमध्ये कूलिंग बघते. बिघाड झाला की त्याचा अहवाल मी लिहिते: कोण चुकलं ते नाही, काय झालं ते. आकडे बनवलेले असले की मला पहिल्या पानावर कळतं. तुमचे कळत नाहीत. पहाटे प्रेशर थोडं उतरतं, दुपारी चढतं, एका जागी खाडाखोडसुद्धा आहे. खाली गाडी उभी असताना तुम्ही तीन आठवड्यांची खोटी प्रेशर टेस्ट लिहून काढलीत, दिवसाला एक कागद, आणि भट्टीवाल्याला सांगितलंत की रोज सकाळी आदल्या दिवसाचा टांग. त्याला वाचता येत नव्हतं, असं मावशी सांगते, म्हणून गठ्ठा क्रमाने लावून दिलात. त्या घाईत एप्रिलला एकतीस दिवस दिलेत. जो रोज त्या-त्या दिवशी नोंद लिहितो, त्याच्याकडून ही चूक होत नाही. मागाहून पुरावा बनवणाराही कॅलेंडर समोर ठेवतो. मी मावशीला विचारलं, "एकतीसचा कागदही टांगला होता?" ती म्हणाली, "टांगला. ते लोक दारापर्यंत आले, कागद बघून मागे फिरले. खूप आकडे दिसले की माणसं वाचत नाहीत, लांब राहतात."

म्हणजे तुमचं नाव यादीत जायचं असेल तर मला सही करून लिहून द्यावं लागेल की माझ्या वडिलांनी खोट्या नोंदी केल्या. हे मी कोणाला सांगते आहे, ते मला माहीत आहे. पाचवीत महिनाभर रोज सकाळी सातला तापमान लिहायचं होतं. मी मामाच्या लग्नाला गेले आणि परत आल्यावर तीन दिवसांचे आकडे अंदाजाने भरले. तुम्ही ओट्यापाशी उभे आहात, कुकरच्या शिट्ट्या मोजताय, एका हातात माझी वही. "हे तीन कुठून आणले?" तुम्ही लाल पेन देता आणि तिन्ही ओळींवर 'नोंद नाही' लिहायला लावता. आई म्हणते, "अहो, शाळेची वही आहे, रेल्वेची सिग्नल केबिन नाही." तुम्ही हसत नाही. कुकर उतरवता. मग पाटावर बसताना रोजच्यासारखं विचारता, "सगळे जेवले का?" आई म्हणते, "सगळे म्हणजे कोण? तिघं तर आहोत, वऱ्हाड आलंय का?" मला तेव्हा तो विनोद वाटायचा.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ती पदराने चष्मा पुसत राहिली. "गणपतीच्या पावतीवरसुद्धा 'एक हितचिंतक' लिहायला लावायचे. आणि आता भिंतीवर नाव?" मग म्हणाली, "आल्यावर वर्षभर झोपले नाहीत गं. मी सोडून आलो, एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, नोकरी." हेही मी मावशीला सांगितलं, कारण अहवालातून काही गाळायचं नसतं. ती म्हणाली, "तो गेला हेही लिही. राहिला असता तर ते दार त्यांनी त्यालाच उघडायला लावलं असतं. आणि भट्टीवाल्याचं नाव त्याच पानावर लिही. त्याच्याकडे तर एकही कागद नाही." हे खरं आहे. तुमचे कागद नाकारले तर त्याचंही नाव जातं.

निवेदन तयार आहे. दोन पानं आहेत, विशेषणं नाहीत. तुमची परवानगी मी गृहीत धरलेली नाही, पण तुम्ही नको म्हणालात तरी मी ते पाठवणार आहे, हे लपवत नाही. मग विचारते कशाला, तर तुमचा आवाज मला आता आठवत नाही. शब्द आठवतात, ते मी आईच्या आवाजात ऐकते. एक नकार ऐकायला मिळाला तरी पुरेल. या कागदाला पाकीट नाही आणि वर लिहायला पत्ता नाही.

निवेदन शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं आहे. त्याआधी उत्तर द्या.